कलावंत परीक्षक होतो तेव्हा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांच्या हाताखाली मी अठरा वर्षे या शाळेत संगीत शिकवले. मी हार्मोनियमचा माणूस. पियानो मला वाजवता येत नाही. आमच्या वाड्यावर शेजारच्या घरात एक जुना पियानो होता आणि त्या घरच्या बाई मुलांना शिकवीत. त्यामुळे शोपँचे नाव माझ्या कानावर लहानपणीच पडले. त्या संगीतात मी जो काही शिरलो तो मात्र सरांमुळे. रात्री जेवण झाले की ते रेडिओ शॉर्टवेव्हवर लावून बी.बी.सी. ऐकत बसत. खरखर इतकी की, सूर कोणता आणि हवामान कोणते हे ओळखणेही कठीण जाई! १९८० च्या ऑक्टोबरात एके सकाळी ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि हजेरीपटावर सही करण्याआधीच म्हणाले, "वॉर्सात एक बाई परीक्षकाची खुर्ची सोडून निघून गेली."

त्या एका वाक्याचा उलगडा करण्यासाठी आजचे हे व्याख्यान आहे. भजनस्पर्धा, नाट्यगीतस्पर्धा, घुमटआरतीच्या स्पर्धा आणि एकांकिका यांवर आपला गोमंतक वर्षाचे निम्मे दिवस जगतो. निकाल लागला की परीक्षकांची कुळी काढणे हाही आपल्याकडचा एक जुना छंद आहे. परीक्षक म्हणून जे बसतात ते बहुधा स्वतः चांगले कलावंत असतात आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते. ती समजून घ्यायला वॉर्साची स्पर्धा फार सोयीची आहे, कारण तिथे जगातले नामांकित पियानोवादकच परीक्षक म्हणून बसतात आणि त्यांचे मतभेद गेली सत्तर वर्षे सर्वांच्या नजरेसमोर घडत आले आहेत.

ही स्पर्धा येझी झुराव्हलेव्ह या पोलिश पियानोवादकाच्या पुढाकाराने १९२७ मध्ये सुरू झाली. त्याला वाटे की पहिल्या महायुद्धानंतरची तरुण पिढी शोपँपासून दुरावते आहे. या पिढीला खेळांचे वेड आहे, तेव्हा संगीतातही चुरस आणावी म्हणजे ती येईल, असा त्याचा साधा हिशेब होता. (खेळाच्या मैदानावरून उचललेली कल्पना संगीताच्या मंचावर आणली, तिची फळे पुढे सगळेच भोगत आहेत.) स्पर्धा दर पाच वर्षांनी भरते. युद्धामुळे १९३७ नंतर एकदम १९४९ साली भरली आणि कोविडच्या साथीमुळे २०२० ची स्पर्धा २०२१ मध्ये गेली. सगळ्या फेऱ्यांत केवळ शोपँच वाजवायचा. एकल वादनाच्या फेऱ्या पार करून जे उरतात ते अंतिम फेरीत वॉर्सा फिलहार्मोनिकच्या वाद्यवृंदासह वाजवतात.

एकाच संगीतकाराच्या रचना तीन आठवडे ऐकायच्या म्हणजे काय, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. शोपँने पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी दोनच कॉन्चेर्तो लिहिले. २०१५ च्या अंतिम फेरीत दहा जण होते. त्यांपैकी नऊ जणांनी ई मायनरमधला निवडला, एकट्या शार्ल रिशार-आम्लँ या कॅनडाच्या तरुणाने दुसरा. म्हणजे परीक्षकांनी सुमारे चाळीस मिनिटांची तीच रचना तीन दिवसांत नऊ वेळा ऐकली. आपल्याकडे एकाच दुपारी तेच नाट्यपद सातव्यांदा ऐकणाऱ्या परीक्षकाची जी अवस्था होते, ती ज्यांनी भोगली असेल त्यांना अधिक सांगायला नको.

मग या कामावर इतक्या मोठ्या वादकांना बसवायचे कशाला? एखादा जाणता समीक्षक, एखादा प्राध्यापक का चालू नये? असे लोकही मंडळावर असतात, पण बहुसंख्या वादकांचीच असते. त्याचे कारण शोपँच्या संगीतातच आहे. त्याचे शिष्य सांगत की डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक. त्याने लय धरून ठेवायची, आणि उजव्या हाताने तिच्यावर थोडे रेंगाळायचे, थोडे घाईने पुढे जायचे. आपल्याला हे परके नाही. तबलजी ठेका सोडत नाही आणि गायक मात्र शब्द मागेपुढे टाकत समेवर नेमका येतो. ते रेंगाळणे किती असावे याचे माप स्वरलिपीत लिहिता येत नाही. पायाखालचा पेडल अर्धाच दाबून एका सुराचा अंश दुसऱ्या सुरात किती झिरपू द्यायचा, तेही लिहिता येत नाही. ज्याने ती रचना हजार वेळा स्वतःच्या बोटांनी वाजवली आहे त्यालाच ऐकताना कळते की समोरच्या मुलाने अवघड जागा कुठे टाळली आणि कुठे अंगावर घेतली. परीक्षकाचा कान त्याच्या बोटांत असतो.

आणि बोटांना सवय असते. तीस-चाळीस वर्षे एका रीतीने वाजवलेली रचना दुसऱ्या रीतीने कानावर आली की बोटे आतल्या आत नकार देतात. हा दुष्टावा नव्हे. जो कलावंत स्वतःच्या वाटेवर इतका पक्का नसता तो इतका मोठाही झाला नसता. ज्या गुणामुळे त्याला परीक्षक म्हणून बोलावले, तोच गुण त्याला आंधळाही करू शकतो.

याचे दोन नमुने जुन्या काळातले आहेत. १९५५ साली वॉर्सात पोलंडचा आदाम हारासिएविच पहिला आला आणि रशियाचा व्लादिमीर अश्केनाझी दुसरा. इटलीचा थोर वादक आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली परीक्षकांत होता. पहिला क्रमांक अश्केनाझीचा आहे असे त्याचे मत होते. ते मानले गेले नाही तेव्हा त्याने निकालपत्रावर सही करण्याचे नाकारले. हाच मिकेलांजेली १९३८ साली ब्रुसेल्सच्या स्पर्धेत स्वतः सातवा आला होता, हे त्या संदर्भात आठवावे. त्या वेळी पहिला आलेला एमिल गिलेल्स पुढे १९५८ मध्ये मॉस्कोच्या पहिल्या चायकोव्हस्की स्पर्धेच्या परीक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला. तिथे व्हॅन क्लायबर्न हा तेवीस वर्षांचा अमेरिकन तरुण आला. शीतयुद्धाचे दिवस, अमेरिकनाला बक्षीस द्यावे की नाही हा प्रश्न थेट ख्रुश्चेव्हपर्यंत गेला. परीक्षकांतल्या स्वातोस्लाव रिख्टरने आपल्यापुरता प्रश्न केव्हाच सोडवला होता: क्लायबर्नला त्याने कमाल गुण दिले आणि इतर कित्येकांना शून्य. क्लायबर्न पहिला आला. पण रिख्टरचे ते शून्य मला बरेच दिवस छळत होते. शून्य मिळालेली मुलेही बोटे झिजवूनच तिथवर आली होती. सर म्हणाले होते, "रिख्टरने गुण दिले नाहीत, मत दिले." हा फरक पुढे लागेल म्हणून लक्षात ठेवा.

आता १९८०. मार्था आर्गेरिच ही अर्जेंटिनाची. १९६५ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी तिने हीच स्पर्धा जिंकली होती. त्याआधी ती शिकायला गेली होती ती याच मिकेलांजेलीकडे. दीड वर्षात त्याने तिला चार वेळा काय ते शिकवले, अशी तिचीच आठवण आहे. १९८० मध्ये ती परीक्षक म्हणून वॉर्साला परतली.

स्पर्धकांमध्ये युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच होता. वेश भडक, वागणे बेपर्वा आणि वाजवणे त्याहून वेगळे. स्वरलिपीत हळू लिहिले असेल तिथे तो जोरात वाजवी, सर्वांना जी गती सवयीची ती तो निम्म्यावर आणी किंवा दुपटीने वाढवी. परीक्षकांत सरळ दोन तट पडले. लंडनचे ज्येष्ठ वादक लुई केंटनर तर तो पहिल्या फेरीतून पुढे गेला म्हणूनच मंडळ सोडून गेले. तिसऱ्या फेरीनंतर पोगोरेलिच अंतिम फेरीत जात नाही असे जाहीर झाले, आणि आता आर्गेरिच उठली. हा मुलगा अलौकिक प्रतिभेचा आहे असे सांगून तिने राजीनामा दिला. निकिता मागालॉफ आणि पाउल बादुरा-स्कोडा यांनीही आपली नापसंती बोलून दाखवली, पण ते मंडळावर राहिले.

एकाच मुलावरून दोन मोठे कलावंत उठून गेले: एक त्याला घेतले म्हणून, दुसरी त्याला वगळले म्हणून. दोघांचेही कान उत्तम होते. मतभेदाचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पोगोरेलिचचे काहीच बिघडले नाही. जिंकला असता तर मिळाली नसती इतकी प्रसिद्धी त्याला मिळाली. पुढच्याच वर्षी मोठ्या जर्मन कंपनीने त्याची शोपँची ध्वनिमुद्रिका काढली. १९९३ मध्ये त्याने अमेरिकेत पासाडेना इथे स्वतःच्या नावाची स्पर्धाही भरवली. ज्याला स्पर्धेने नाकारले त्याने स्पर्धा भरवावी, यातली गंमत सरांना फार आवडली होती.

बिघडले ते दुसऱ्याच मुलाचे, आणि ती गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या वर्षी पहिला आला व्हिएतनामचा दांग थाय सोन. तो हानोईचा, वय बावीस, पोगोरेलिचच्याच वयाचा. अमेरिकन बॉम्बफेकीच्या काळात हानोईची संगीतशाळा डोंगराळ खेड्यात हलवली होती. तिथे त्याचे बालपण गेले. आई स्वतः पियानोवादक. १९७० साली तिला वॉर्साच्या स्पर्धेला पाहुणी म्हणून बोलावले होते, तिथून ती मुलासाठी शोपँच्या स्वरलिप्या आणि तबकड्या घेऊन आली. पुढे एका रशियन वादकाने मुलाचे गुण ओळखले आणि तो मॉस्कोला शिकायला गेला. वॉर्साच्या अंतिम फेरीपूर्वी आपण वाद्यवृंदाबरोबर कधी वाजवलेच नव्हते, असे त्याने पुढे सांगितले आहे. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला आशियाई. दुसऱ्या दिवशी जगाने चर्चा केली ती न जिंकलेल्याची.

आर्गेरिचने दांगविरुद्ध काही म्हटले नव्हते. तिचा राग मंडळावर होता. तरी तिच्या उठण्याचा भार त्या मुलाच्या बक्षिसावर पडला, आणि तो बरीच वर्षे राहिला. ती गेल्याने गुण बदलले नाहीत, पोगोरेलिच अंतिम फेरीत आला नाही. १९८० मध्ये सर एवढेच म्हणाले होते, "बाई खरी." मी तेव्हा मान डोलावली. आज मला वाटते की बाई खरी होती आणि तरीही त्या सोनचे जे नुकसान झाले तेही खरेच.

आता थोडे गणित. ते कंटाळवाणे वाटेल, पण सगळा निकाल त्यातच असतो. समजा पाच परीक्षक आहेत आणि कमाल गुण २५. वेगळ्या वाटेने जाणाऱ्या एका मुलाला दोघांनी २५ दिले आणि तिघांनी १० दिले. बेरीज ८०, सरासरी १६. दुसरा मुलगा नीटनेटका. पाचही जणांनी त्याला १७ दिले. तो पुढे गेला. पाचांपैकी एकालाही तो सर्वांत चांगला वाटलेला नाही, पण कुणाला खटकलाही नाही. आता वॉर्साच्या अलीकडच्या नियमांत, सरासरीपासून फार दूर गेलेला गुण ठरावीक मर्यादेपर्यंत आत ओढला जातो. एखाद्या रिख्टरचे शून्य साऱ्या निकालावर चालू नये म्हणून ही तजवीज. ती मर्यादा तीन गुणांची धरली तर आपल्या पहिल्या मुलाचे २५ होतात १९ आणि १० होतात १३. बेरीज ७७. म्हणजे शून्य देणाऱ्याला आवर घालता घालता भारावून पंचवीस देणाऱ्यालाही आवर बसला, आणि मुलगा आणखी खाली गेला. नियम करणाऱ्यांची बुद्धी वाईट नाही. बेरजेला मत कळत नाही, इतकेच.

वॉर्साच्या मंडळींनी उपाय केले नाहीत असे नाही. १९३२ मध्ये अलेक्झांडर उनिन्स्की आणि हंगेरीचा अंध वादक इम्रे उंगार यांचे गुण सारखे झाले, तेव्हा नाणे उडवून पहिला क्रमांक ठरवला! १९४९ मध्ये सुरुवातीच्या फेऱ्यांत परीक्षकांना स्पर्धक दिसू नये अशी व्यवस्था केली होती. १९९० आणि १९९५ मध्ये पहिले बक्षीस कुणालाच दिले नाही. हा उपाय की हतबलता, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्या शिष्याला गुण द्यायचे नाहीत हा नियम आता पक्का आहे. २०२१ मध्ये त्याची कसोटी लागली. जिंकलेला कॅनडाचा ब्रूस लिऊ हा दांग थाय सोनचा शिष्य, आणि दांग परीक्षक मंडळावर. त्याच्या गुणांच्या रकान्यात शिष्यापुढे आकडा नव्हता.

माझ्या मते सर्वांत मोलाचा उपाय सर्वांत साधा आहे: कोणी किती गुण दिले ते स्पर्धेनंतर छापून टाकायचे. २०१५ चे गुणपत्रक असेच प्रसिद्ध झाले. त्या मंडळावर सतरा जण होते आणि त्यांत जुने विजेतेच पाच: १९५५ चा हारासिएविच, १९६५ ची आर्गेरिच, १९७० चा गॅरिक ओल्सन, १९८० चा दांग आणि २००० चा युंदी. आर्गेरिच आणि दांग एका रांगेत बसून गुण देताहेत, हे दृश्य पाहायला सर हवे होते. दक्षिण कोरियाचा सोंग-जिन चो पहिला आला. अंतिम फेरीत दहापैकी बहुतेकांनी त्याला नऊ किंवा दहा दिले होते, आणि फ्रान्सचे फिलिप आंत्रमाँ यांनी एक. एक! गुणपत्रक बाहेर आल्यावर गदारोळ झाला. तरीही चो पहिलाच राहिला. ज्याने एक दिला त्याचे नाव त्या एकापुढे आहे. त्याला ते कुणापासून लपवता येत नाही, आणि चोलाही ते कुजबुजीतून ऐकावे लागत नाही. मिकेलांजेलीला सही नाकारावी लागली, आर्गेरिचला विमान पकडावे लागले. आंत्रमाँना दोन्ही करावे लागले नाही. त्यांचे मत कागदावर आहे, आणि निकालही आहे.

२००० साली आर्गेरिच पुन्हा परीक्षकाच्या खुर्चीत बसली, त्यानंतरही बसली. २०२५ मध्ये ओल्सन मंडळाचा अध्यक्ष झाला. तो पद सांभाळणारा पहिला बिगर-पोलिश. त्या वर्षी जिंकलेला एरिक लू २०१५ मध्ये चौथा आला होता. दहा वर्षांत मुलगा बदलला, परीक्षक बदलले, की ऐकण्याची रीत बदलली? तिन्हींचा थोडाथोडा वाटा असावा.

आता माझ्या स्वतःच्या गुणपत्रकाविषयी. तेही इथे यायला हवे, नाहीतर हे व्याख्यान मी सरांच्या नावाने द्यायला नको होते.

१९८३ साली एका आंतरशालेय नाट्यगीतस्पर्धेत आम्ही तिघे परीक्षक होतो: सर, मी आणि बाहेरून आलेले एक नामवंत गायक. एका मुलाने सर्वांच्या तोंडी असलेले पद म्हटले, पण ध्वनिमुद्रिकेतल्या चालीने नाही. लय उतरवून, शब्दांच्या मध्ये थांबत थांबत. एका ठिकाणी तो इतका थांबला की साथीला बसलेल्या पोराला वाटले हा विसरला, आणि त्याने पेटीवर सूर दाबून आठवण करून दिली. मुलाने मान हलवून नको म्हटले आणि आणखी थांबला. माझ्या अंगावर काटा आला. मी पन्नासांपैकी ३८ लिहिले.

मग शेजारी नजर गेली. त्या नामवंतांनी २५ लिहिले होते. आपल्या कानापेक्षा त्यांचा कान मोठा, असे मला वाटले. खरे सांगायचे तर, चहाच्या वेळी ते काय म्हणतील याची भीती वाटली. मी ३८ खोडून ३० केले. सरांनी ४६ दिले होते. बेरीज १०१. तिसऱ्या क्रमांकाला १०३ होते. मुलगा चौथा आला, आणि बक्षिसे तीनच होती.

घरी जाताना सर बराच वेळ काही बोलले नाहीत. पुलापाशी आल्यावर म्हणाले, "मास्तर, तुमचा पहिला आकडा मला दिसला होता." एवढेच. त्यांनी ना मला दोष दिला, ना त्या गृहस्थांना. मंडळाचा निकाल त्यांनी सही करून मानलाही.

सर गेल्यावर त्यांच्या कपाटातले शाळेचे कागद लावण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांत तीस वर्षांच्या स्पर्धांच्या गुणपत्रकांच्या प्रती होत्या. सरांनी प्रत्येक स्पर्धकापुढे आकड्याशेजारी एक ओळ लिहिलेली: का दिले, काय ऐकले. १९८३ च्या कागदावर त्या मुलापुढे ४६ आहेत, आणि शेजारी लिहिले आहे: "दुसऱ्या कडव्याआधी थांबला. पेटीचा आधार नाकारला. स्वतः ऐकत होता." माझा ३० चा आकडाही त्याच प्रतीवर आहे, खोडलेले ३८ त्याच्याखाली अजून वाचता येतात.

ते कागद आज शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी ग्रंथपाल बाईंकडे मागावेत.